मेसच्या रजिस्टरमधलं मानसशास्त्र

गेल्या सत्रात आपल्या ऑडिटोरियममध्ये 'व्यक्तिमत्त्व विकास' या विषयावर एक व्याख्यान झालं. सगळ्यांना आठवत असेलच, कारण हजेरी सक्तीची होती आणि एसी चालू होता. पाहुण्यांनी दीड तासात तीन गोष्टी सांगितल्या. एक, माणूस आपल्या मेंदूचा फक्त १० टक्के वापर करतो. दोन, मन खंबीर असेल तर अशक्य असं काही नाही. तीन, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी जिंकणारच' असं २१ वेळा म्हणावं. (आमच्या विंगमध्ये धड आरसा एकच आहे, तोही बेसिनवर. दुसऱ्या दिवशी तिथे रांग लागली आणि जिंकायच्या आधीच दोघांची जुंपली.)

दहा टक्क्यांचं आधी उरकून घेतो. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के असतं आणि तो शरीराची जवळजवळ २० टक्के ऊर्जा खातो. इंजिनियर होऊ घातलेल्या माणसाने तरी विचार करावा, नव्वद टक्के यंत्र बंद ठेवून एवढं इंधन कोण जाळेल? मेंदूचे स्कॅन काढणाऱ्यांना असा मोठा 'रिकामा प्लॉट' कुठेही सापडलेला नाही. झोपेतसुद्धा मेंदूचं काम चालू असतं. आपल्यातले काही जण दुपारच्या लेक्चरला असतात, त्यापेक्षा जास्त. असो.

माझं खरं भांडण दुसऱ्या मुद्द्याशी आहे. 'मन खंबीर कर.' हे वाक्य आपण घरी ऐकतो, एसटीत शेजारी बसलेल्या काकांकडून ऐकतो, व्हायवा खराब गेली की मित्राकडून ऐकतो. मी स्वतःही ते एकदा एकाला ऐकवलंय. ज्या वेळी आणि ज्या दारात उभं राहून ऐकवलं, ते आठवलं की आजही मान खाली जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक जण राहायचा, त्याला सगळे 'मास्तर' म्हणायचे. खरं नाव लिहीत नाही. फर्स्ट इयरला अर्ध्या मजल्याला एम-वन त्यानेच शिकवला. पेपरच्या आदल्या रात्री त्याच्या खोलीत चौदा-पंधरा जण, काही कॉटवर, काही जमिनीवर, एक जण टेबलावर मांडी घालून, आणि मास्तर दाराच्या आतल्या बाजूवर खडूने पार्शल डेरिव्हेटिव्ह सोडवतोय, असं दृश्य असायचं. रात्री दोनला कोणीतरी "मास्तर, परत एकदा पहिल्यापासून" म्हणायचा आणि हा पठ्ठ्या खरंच पहिल्यापासून सांगायचा. माझे एम-वनचे मार्क त्याचेच आहेत, मी फक्त पेपर लिहिला.

सेकंड इयरला त्याचं स्वतःचं गणित कुठेतरी चुकलं. घरचं काहीतरी होतं, ते इथे सांगायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये निकाल लागला आणि मास्तर वायडी झाला. आम्ही पुढच्या वर्गात गेलो. आमचं लेक्चर सकाळी नऊला सुरू व्हायचं आणि त्याला जायला वर्गच नव्हता. घरी त्याने 'ऑल क्लिअर' असं सांगून टाकलं होतं. त्याचा रूम पार्टनर आपल्या ब्रँचच्या पोरांबरोबर खालच्या मजल्यावर राहायला गेलेला, त्या जागी अजून कोणी आलं नव्हतं. म्हणजे खोलीत तो एकटाच.

पुढच्या अकरा दिवसांत आमच्या मजल्यावर प्रत्येकाने काही ना काही पाहिलं. कोणी पाहिलं की त्याच्या खोलीचा लाइट रात्रभर चालू असतो. कोणी पाहिलं की दाराबाहेर भिजवलेल्या कपड्यांची बादली तीन दिवस तशीच आहे आणि आता वास येतोय. मेसमध्ये त्याची नेहमीची जागा रिकामी होती, ती मी पाहिली. मजल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही ४६ जण होतो. एकाने तिथे टाकलं, 'मास्तर समाधीत गेले वाटतं.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातला एक माझा.

प्रत्येकाकडे उत्तरही तयार होतं. "तो आधीपासूनच एकलकोंडा आहे रे." "नापास झाल्यावर भाव खायला लागलाय." "गेट-बिटचा अभ्यास करत असेल गुपचूप." "काहीतरी लफडं असणार." उत्तर मिळालं की प्रश्न संपतो. आम्ही सगळे हुशार होतो, त्यामुळे आमचे प्रश्न फार लवकर संपत होते.

शेवटी विचारलं कोणी, तर मेसमध्ये चपात्या वाढणाऱ्या मावशींनी. मास्तर रोज त्यांच्याकडे वाटीभर दही जास्तीचं मागायचा आणि त्या रोज आधी नाही म्हणायच्या. तीन दिवस त्यांनी रांगेला विचारलं, "ते दहीवालं पोरगं कुठं गेलं रं?" रांग म्हणाली, "असेल मावशी." चौथ्या दिवशी त्यांनी रांगेला विचारलं नाही. माझा नंबर आला तेव्हा चिमट्यातली चपाती हवेतच धरली आणि म्हणाल्या, "चष्मेवाल्या, तू. तुझ्याच मजल्यावर राहतो ना तो? ताट ठेव हितं. जाऊन बघून ये. आल्यावर वाढते."

मी गेलो, कारण मला भूक लागली होती. याहून उदात्त कारण माझ्याकडे नाही.

दार उघडायला त्याला वेळ लागला. काय दिसलं त्याचं वर्णन करत नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "मेसला आज काय आहे?" मी म्हटलं, "मटकी." नंतर बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तो बोलायला लागला आणि थांबेचना. संध्याकाळी आम्ही दोघं रेक्टर सरांकडे गेलो. सरांनी घरी फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने काका आले. मला वाटलं होतं, ते खूप रागावतील. ते एक शब्दही बोलले नाहीत, फक्त खोलीतला पसारा आवरत बसले. पुस्तकं रचली, बादलीतले कपडे पुन्हा धुतले आणि दोरीवर घातले.

खूप दिवसांनी मी त्याला विचारलं, त्या अकरा दिवसांत तुझं दार कोणी वाजवलंच नाही का? तो म्हणाला, वाजवलं ना, दोघांनी. एक जण ड्राफ्टर मागायला आला होता. दुसरा गणपतीची वर्गणी घ्यायला.

वर्गणी घ्यायला मी गेलो होतो. त्याने पन्नासची नोट दिली, मी पावती फाडली, त्याच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं आणि म्हटलं, "काय मास्तर, वायडीचं एवढं काय मनावर घेता? मन खंबीर करा!" आणि पुढच्या खोलीकडे गेलो.

हे ऐकल्यावर मी लायब्ररीत गेलो. आपल्या लायब्ररीत अगदी शेवटच्या रॅकवर, कम्युनिकेशन स्किल्सच्या पुस्तकांमागे, सोशल सायकॉलॉजीचं एक जाडजूड पाठ्यपुस्तक आहे. माझ्या आधी ते कोणी घरी नेल्याचा शिक्का दिसला नाही. मला एवढंच बघायचं होतं, की ४६ जणांपैकी एकही जण वाईट नसताना असं होतं कसं. उत्तर त्यात होतं, आणि तेही आपल्यासारख्याच कॉलेजच्या पोरापोरींवर केलेल्या प्रयोगात.

न्यूयॉर्कमध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने या दोघांनी हा प्रयोग केला, तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना बोलावून सांगितलं, की कॉलेजजीवनातल्या वैयक्तिक अडचणींवर चर्चा करायची आहे. संकोच वाटू नये म्हणून प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं, बोलायचं ते माइकवरून. पहिला मुलगा बोलताना जरा अडखळत सांगतो, की मला कधीकधी फिट येते, विशेषतः अभ्यासाचा आणि परीक्षेचा ताण असला की. नंतर त्याची पुन्हा पाळी येते आणि बोलता बोलता त्याला खरंच फिट येते. आवाज घोगरा होतो, तो मदत मागतो. खरं तर ते सगळं टेपवर होतं. चर्चेतले 'बाकीचे' आवाजही टेपवरचेच. प्रयोग होता तो ऐकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्यावर. तो उठून मदत मागायला जातो का, आणि किती वेळात?

ज्यांना वाटत होतं की हे ऐकणारा मी एकटाच आहे, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण फिट संपायच्या आत खोलीबाहेर धावले. ज्यांना वाटलं की आपल्याखेरीज आणखी एक जण ऐकतोय, त्यांच्यातले ६२ टक्के. आणि ज्यांना वाटलं की आणखी चार जण ऐकतायत, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के.

मुलं तशीच, आवाज तोच, फिट तीच. बदलला तो फक्त 'आणखी किती जण ऐकतायत' हा आकडा.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग निराळाच आहे. जे उठले नाहीत ते निर्विकार बसलेले नव्हते. प्रयोग संपवायला माणूस आत गेला तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांचे हात थरथरत होते, तळवे घामाने ओले होते. "तो बरा आहे ना?" असं त्यांनीच आधी विचारलं. म्हणजे काळजी होती, भरपूर होती. ती कोणी उचलायची हे ठरत नव्हतं. आपल्याकडे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो काही दोन घरं दुष्ट असतात म्हणून उपाशी राहत नाही. हा समजतो तिकडे जेवला, तो समजतो इकडे जेवला. आमच्या मजल्यावर तर तेवीस घरं होती.

या प्रयोगामागची गोष्टही सांगायला हवी, कारण तिच्यात मानसशास्त्राने स्वतःच मार खाल्लेला आहे. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा खून झाला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं, की ३८ शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कोणी काही केलं नाही. त्यावरून हे संशोधन सुरू झालं, आणि ती ३८ जणांची गोष्ट पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत जशीच्या तशी छापत गेले. प्रत्यक्षात एवढ्या लोकांनी सगळं पाहिलंच नव्हतं, आणि एक शेजारीण तर जिन्यात धावत जाऊन ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिला धरून बसली होती. आपलं वर्णन सदोष होतं हे त्या वृत्तपत्राने २०१६ मध्ये मान्य केलं. गोष्ट खोटी निघाली, प्रयोग मात्र टिकला. मला हे आवडलं. व्याख्यानातल्या दहा टक्क्यांत आणि प्रयोगातल्या ३१ टक्क्यांत हाच फरक आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्या हॉस्टेलमध्ये माणुसकी नाही असं म्हणायचंय का? अजिबात नाही. गेल्या गॅदरिंगला गेटवर मारामारी झाली तेव्हा सोडवायला वीस जण पळाले होते, त्यातल्या तिघांनी विनाकारण मारही खाल्ला. लंडनपासून लांब असलेल्या लँकेस्टरमधल्या, ॲमस्टरडॅममधल्या आणि केप टाऊनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यातलं चित्रण काही संशोधकांनी तपासलं. २०१९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं, की १० पैकी ९ वेळा निदान एक जण तरी मध्ये पडला होता. डोळ्यांसमोर दगड उचललेला दिसला की माणूस धावतो. बंद दाराच्या फटीतून येणारा उजेड मात्र काहीच सांगत नाही. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, दुसरा शांत दिसतो, म्हणजे सगळं ठीक असणार! तो दुसराही त्या वेळी याच्याच चेहऱ्याकडे बघत असतो.

आता आमच्या त्या 'एकलकोंडा आहे', 'भाव खातोय' या उत्तरांकडे येतो. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं, की लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, दिलेली बाजू लिहायची होती. तरीही वाचणाऱ्यांना वाटलं, की ज्याने कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिलं तो मनातूनही थोडा त्याच बाजूचा असणार. दुसऱ्याचं वागणं दिसलं की आपण थेट त्याच्या स्वभावाला हात घालतो, त्याच्यावर आलेली परिस्थिती आपल्याला दिसतच नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र उलट. माझा प्रॅक्टिकल बुडाला तर बस उशिरा आली होती, तुझा बुडाला तर तू आळशी.

कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये हेच एका सूत्रात मांडलं. आपल्या लोकांना सूत्र लागतं म्हणून देतो: वर्तन = फ (व्यक्ती, परिस्थिती). फंक्शन दोन चलांचं आहे. 'मन खंबीर कर' म्हणणारा माणूस एक चल शून्य धरून गणित सोडवतो. एम-वनला असं केलं असतं तर मास्तरने खडू फेकून मारला असता.

त्या पुस्तकात आणि नंतर त्यावरून इकडेतिकडे वाचताना बाकीही बरंच हाती लागलं. अभ्यासाचं एक सांगतो, पीएलला उपयोगी पडेल. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं, की एकच उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४० टक्के आठवला, आणि एकदा वाचून तीन वेळा न बघता लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. पाच मिनिटांनी विचारलं तर मात्र चार वेळा वाचणारेच पुढे होते, म्हणून आपण फसतो. यातसुद्धा मन कुठे खंबीर करायचं नाही, वही बंद करायची.

आणि एक प्रयोग सबमिशनच्या आठवड्यासाठी. डार्ली आणि बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात वाकून कण्हत बसलेला. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना सांगितलं होतं की तुला उशीर झालाय, त्यांच्यातले १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. त्यातलेही काही जण त्या कण्हणाऱ्याला ओलांडून भाषणाला गेले. आपली जर्नल्स, शीट्स आणि ओरल्स सगळी एकाच आठवड्यात येतात. त्या आठवड्यात आपल्यातलं कोणीही कोणासाठीही थांबत नाही, आणि नेमका त्याच आठवड्यात कोणालातरी कोणीतरी थांबायला हवं असतं. वेळापत्रक लावणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

मग करायचं काय? आणखी एक व्याख्यान नको, ही हात जोडून विनंती.

नोटीस बोर्डावर कायमची एक सूचना आहे, 'कोणाही विद्यार्थ्यास अडचण असल्यास त्याने कार्यालयाशी संपर्क साधावा.' या सूचनेत 'कोणाही' हा शब्द आहे. मावशी पहिले तीन दिवस तेच करत होत्या, रांगेला विचारत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी एका माणसाकडे बोट दाखवलं आणि त्याची चपाती रोखून धरली. डार्ली आणि लताने यांचं नावही न ऐकता त्यांनी 'बाकीच्या चार जणांना' खोलीबाहेर काढलं आणि मला एकटं केलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की जे मावशींना जमलं ते हॉस्टेलने नियम म्हणून करावं.

आपल्या मेसचं खाड्याचं रजिस्टर घ्या. गावी जाताना आपण खाडा मांडून जातो, बिल कमी व्हावं म्हणून. खाडा न मांडता दोन दिवस सही नाही, याचा अर्थ पोरगा हॉस्टेलमध्ये आहे आणि जेवत नाही, किंवा बाहेर जेवतोय. दोन्हीपैकी काय, ते एका मिनिटात कळतं, फक्त जाऊन बघावं लागतं. हे रजिस्टर रोज भरलं जातं आणि महिनाअखेरीला बेरजेसाठी एकदा वाचलं जातं. मेस सेक्रेटरीने ते रोज रात्री वाचावं. सत्राच्या सुरुवातीलाच प्रत्येक खोलीला एक शेजारची खोली नेमून द्यावी आणि ते नाव यादीत लिहावं. दोन दिवस सही नसली, की सेक्रेटरीने त्या एकाच मुलाला सांगायचं, "तू जा." ग्रुपवर टाकायचं नाही. ग्रुपवर टाकलं, की पुन्हा ४६ जण.

हे मी मित्रांना बोलून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे आता जेवलो नाही तरी चौकशी! घर सोडून हॉस्टेलला आलो कशाला?" बरोबर आहे त्याचं. कोणाला दोन दिवस एकटं राहावंसं वाटलं तर तो त्याचा हक्क आहे. शेजाऱ्याला "बरा आहे, झोपू दे" म्हणायचं, विषय संपला. आणि हे नाव पहिल्या फेरीत रेक्टर सरांकडे जाऊ नये, यावर मी ठाम आहे. ते तिकडे गेलं, की दुसऱ्या दिवसापासून पोरं मित्राच्या नावापुढेही सह्या ठोकायला लागतील. प्रॉक्सीत आपला हात कोणी धरू शकत नाही.

स्टाफला एक सांगायचंय, जरा धीटपणे. वायडी झालेल्यांची यादी निकालाच्या दिवशीच ऑफिसात असते. प्रत्येक नावापुढे टीचर गार्डियनचं नाव असतं. त्या दिवशी टीचर गार्डियनने त्या नावांना एकेक फोन केला आणि "उद्या अकराला माझ्या केबिनमध्ये चहाला ये" एवढंच म्हटलं, तर मास्तरचे अकरा दिवस एकावर आले असते. आम्ही स्वतःहून तुमच्याकडे येत नाही सर, हे खरं आहे. नापास झालेला मुलगा तर मुळीच येणार नाही.

एक धोक्याची सूचना. असलं काही वाचलं की आपल्याला डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. कपाट नीट लावलं की 'ओसीडी', दोन दिवस गप्प बसला की 'डिप्रेशन', हे शब्द आपण मेसच्या रश्श्यासारखे वाटतो. शेजाऱ्याचं काम दार वाजवण्याचं आहे, निदान करण्याचं नाही. आणि समोरचा जगण्यात अर्थ नाही, संपवून टाकतो अशा भाषेत बोलायला लागला, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, आणि त्याच तासाला रेक्टर सरांकडे किंवा समुपदेशकांकडे जायचं. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र लागतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तो लिहायला या लेखापेक्षा बाथरूमच्या दाराची आतली बाजू जास्त चांगली, तिथे सगळे वाचतात.

मास्तर त्या वेळी काकांबरोबर गावी गेला. राहिलेले विषय हिवाळी परीक्षेत सुटले, एक वर्ष गेलं. यंदा तो थर्ड इयरला आहे आणि याच हॉस्टेलमध्ये, आता पहिल्या मजल्यावर. दही अजूनही मागतो.

हा लेख छापायला देण्याआधी त्याच्या हातात दिला. त्याने तो गणिताचा पेपर तपासावा तसा पेन्सिल घेऊन वाचला. एक वाक्य खोडलं, ते इथे नाही. मग म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण ते शेजाऱ्याने जाऊन विचारायचं काय, ते लिहिलं नाहीस. 'बरा आहेस का' असं विचारायला कोणी आलं असतं ना, तर मी 'हो' म्हणून दार लावून घेतलं असतं. काहीतरी मागायलाच यायचं. ड्राफ्टर माग, साबण माग, वर्गणी माग. फक्त मिळालं की लगेच जायचं नाही. जरा बसायचं."

मी विचारलं, किती वेळ?

"मटकी गार होईपर्यंत," तो म्हणाला, आणि पेन्सिल परत दिली.

(अंतिम वर्ष, स्थापत्य)